फूटपट्टी घेऊन दर्याकिनारी: ससून डॉक ते मालवण

निघण्याच्या आदल्या रात्री मी नातवाच्या कंपासपेटीतून पंधरा सेंटिमीटरची पट्टी मागून घेतली आणि साडेतेराच्या रेषेवर सुनेच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका दिला. २०२३ मध्ये राज्य शासनाने ५४ जातींच्या मासळीची पकडण्याजोगी किमान लांबी ठरवून दिली. त्यात रुपेरी पापलेटची लांबी १३५ मिलिमीटर आहे. त्याच वर्षी हे पापलेट राज्यमासा म्हणूनही जाहीर झाले. ज्या माशाला एवढा मान दिला, त्याला निदान एकदा अंडी घालण्याइतके वाढू द्यावे, एवढाच त्या लाल ठिपक्याचा अर्थ.

मी बत्तीस वर्षे सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण केले. माल प्रथम जिथे हाती येतो तिथेच त्याची नोंद झाली नाही, तर पुढच्या सगळ्या वह्या केवळ लिहिणाऱ्याचे अक्षर चांगले असल्याचा पुरावा ठरतात, हे त्या नोकरीत पुरेपूर कळले. बेकायदा मासेमारीच्या बातम्या वाचताना दर वेळी तोच प्रश्न मनात येई: समुद्रातून आलेल्या मासळीची पहिली नोंद कोण करतो, आणि त्या नोंदीत मासा कोणी, कुठे आणि कोणत्या जाळ्याने पकडला हे लिहिलेले असते का? या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाच दिवस काढून तेच पाहायला निघालो. महिनाही मुद्दाम निवडला होता, कारण राज्याच्या सागरी हद्दीतील पर्ससीन मासेमारीची, म्हणजे थव्याभोवती फिरवून तळाशी आवळायच्या मोठ्या जाळ्याने केलेल्या मासेमारीची, मुदत १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर अशी चारच महिन्यांची असते आणि ती नुकतीच संपलेली होती. सोबत मेहुणे होते. त्यांना गाडी चालवण्याची हौस आहे आणि ते कट्टर शाकाहारी आहेत. मासळीच्या बंदरांवरून पाच दिवस फिरण्यासाठी याहून गैरसोयीचा सोबती मिळणे कठीण होते, हे त्यांनीच पहिल्या तासात मान्य केले.

पहिला दिवस: ससून डॉक ते हर्णै

पहाटे पाचला कुलाब्याच्या ससून डॉकवर पोहोचलो. १८७५ मध्ये बांधलेली ही गोदी आजही मुंबईच्या मासळीच्या बाजाराची पहाट उघडते. होड्यांच्या पोटातून क्रेटा वर येत होत्या, बर्फाचा भुगा पायाखाली करकरत होता, आणि डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका ‘पाय बाजूला’ असे बजावत वाऱ्यासारख्या निघून जात होत्या. एका वयस्कर कोळिणीसमोर पापलेटचा ढीग होता. मी पट्टी काढून एका माशाशेजारी धरली, तेव्हा ती म्हणाली, “काका, शाळा सुटली काय तुमची?” आजूबाजूच्या बायका मनमुराद हसल्या. लाल ठिपक्याचे कारण सांगितल्यावर मात्र तिने पट्टी माझ्या हातातून घेतली, आपल्या तळहातावर आडवी ठेवली आणि दाखवले, की मनगटापासून मधल्या बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचे अंतर बरोबर तेवढेच भरते. “पट्टी कशाला पाहिजे? हात बरोबरच असतो,” ती म्हणाली. त्या ढिगातले सात मासे आम्ही मोजले. दोन ठिपक्याच्या अलीकडे राहिले.

खरा धडा त्यानंतरचा होता. हे मासे कुठले, असे विचारताच तिने एकेक उचलून दाखवायला सुरुवात केली. कल्ल्यामागे धाग्याचा वळ उमटलेला मासा उभ्या जाळ्याचा, म्हणजे गिलनेटचा. अंग चेपून खवले गेलेला ट्रॉलरच्या, म्हणजे पाण्यातून जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक नौकेच्या, पिशवीतला. आणि ज्याचे डोळे बसले आहेत तो बाहेरगावाहून ट्रकने आलेला. तिने हे सगळे मिनिटभरात सांगितले. मी विचारले, हे कुठे लिहिले जाते का? तिने भाव लिहिलेली चिठ्ठी दाखवली. तीवर वजन होते, दर होता आणि व्यापाऱ्याच्या नावाचे आद्याक्षर होते.

गोदीच्या एका कोपऱ्यात कुट्याचा ढीग होता. कुटा म्हणजे विकण्याजोगी नसलेली, मिसळ, चेंगरलेली बारीक मासळी. ती भुकटीच्या कारखान्यात किंवा खतासाठी जाते. वाकून पाहिले तर त्यात बोटाएवढे बांगडे होते, नखाएवढी कोळंबी होती, आणि नाव सांगता येणार नाही असे बरेच काही होते. एखादा मासा नावाने विकला गेला तर निदान त्याचा भाव तरी नोंदला जातो. या ढिगाला मात्र जातही नसते आणि वयही नसते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसे ठरावीक दिवशी ठरावीक बंदरांवर उभी राहून नमुने मोजतात आणि त्यावरून वर्षाच्या उत्पादनाचा अंदाज काढतात. २०१९ मध्ये महाराष्ट्राचा हा अंदाज २.०१ लाख टनांवर आला होता, जो ४५ वर्षांतील नीचांक होता. त्या वर्षी ‘क्यार’ आणि ‘महा’ या वादळांनी बराच काळ होड्या बंदरात अडकवून ठेवल्या होत्या हे खरे. परंतु त्या पहाटे तो ढीग पाहिल्यावर सगळा दोष वाऱ्याच्या माथी मारणे मला जड गेले.

ज्यांना ससून डॉक पाहायचे असेल त्यांनी सातच्या आत पोहोचावे, जुन्या रबरी चपला घालाव्यात आणि परवानगीशिवाय कॅमेरा काढू नये. कामाच्या वाटेत उभे राहणे हा तिथला सर्वांत मोठा गुन्हा आहे.

महामार्गाविषयी काही लिहीत नाही. कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने त्यावर एकदा लिहिलेलेच आहे. साडेचारला हर्णै गाठले. समोर सुवर्णदुर्ग, किनाऱ्यापासून दूर नांगरलेल्या होड्या, आणि त्यांच्यापासून वाळूपर्यंत पोटभर पाण्यातून मासळी ओढून आणणाऱ्या बैलगाड्या. संध्याकाळचा लिलाव वाळूवरच चालतो. रांगेने ढीग लागतात, बोली बोलणाऱ्याभोवती कोंडाळे जमते आणि दोन मिनिटांत सुरमईचा ढीग दुसऱ्याचा होतो. मेहुणे नाकाला रुमाल लावून आले होते. दहा मिनिटांनी तो रुमाल खिशात गेला आणि ते स्वतः बोलीचे आकडे मोजू लागले.

इथे एका तांडेलाशी, म्हणजे होडीच्या प्रमुखाशी, बराच वेळ बोलता आले. त्याचा राग एलईडीवर होता. एका होडीवर जनरेटर ठेवून पाण्यावर आणि पाण्याखाली प्रखर दिवे सोडायचे, उजेडाकडे मासळीचे थवे गोळा होऊ द्यायचे, आणि मग दुसऱ्या होडीने त्याभोवती जाळे फिरवून सगळा थवा एकदम उचलायचा, अशी ही पद्धत. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ रोजी अशा दिव्यांवर आणि दोन नौकांनी मिळून ओढण्याच्या जाळ्यावर, म्हणजे बुल ट्रॉलिंगवर, बंदी घातली. राज्याने १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती करून या दोन्ही गोष्टींसाठी पाच ते वीस लाख रुपयांच्या दंडाची तरतूद केली आणि निवाड्याचा अधिकार तहसीलदारांकडून काढून मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे दिला. तांडेलाला हे सारे तोंडपाठ होते. “कायदा चांगलाच आहे,” तो म्हणाला, “पण रात्री समुद्रात लग्नाचा मांडव घातल्यासारखा उजेड असतो आणि सकाळी बंदरात एकाही होडीवर दिवा नसतो.” दिवे कुठे जातात, असे विचारल्यावर त्याने उत्तर दिले नाही, तो फक्त हसला.

रात्री खानावळीत तांदळाची भाकरी आणि भाजलेला बांगडा खाल्ला. मेहुण्यांसाठी मालकीणबाईंनी आपणहून वालाची उसळ केली. समुद्रावरून गार वारा येत होता आणि दोन पांघरुणे लागली, हे कोकणात फारसे न घडणारे सुख.

दुसरा दिवस: दोन खाड्या आणि एक कासव

हा दिवस प्रवासाचाच होता, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. पहाटे मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, वारा धरून छोट्या होड्या बाहेर पडताना पाहिल्या आणि दाभोळला आलो. तिथून वासिष्ठीच्या खाडीवरून फेरीबोटीने धोपावे, मग गुहागर, आणि पुढे तवसाळहून पुन्हा फेरीबोटीने जयगड. हा रस्ता महामार्गापेक्षा कितीतरी सुंदर आहे. मात्र फेरीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात. आम्ही त्या विचारल्या नाहीत आणि तवसाळच्या धक्क्यावर तासभर ऊन खात बसलो.

गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांसाठी बांबूचे कुंपण घातलेले होते. राखणदाराने घरट्यांवर खोचलेल्या पाट्या दाखवल्या. प्रत्येक पाटीवर घरटे सापडल्याची तारीख आणि अंड्यांची संख्या होती. लेखापरीक्षकाला यापेक्षा अधिक काही नको असते. या कासवाचा आणि आपल्या कोळंबीचा संबंध अनेकांना ठाऊक नसतो. कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात कासवे अडकून गुदमरतात, म्हणून जाळ्यात कासवाला बाहेर पडण्यासाठी जाळीदार चौकट आणि झडप बसवावी लागते. भारतीय ट्रॉलरवर ती बसवली जात नाही, या कारणावरून अमेरिकेने २०१९ पासून भारतातील समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात थांबवली. तळ्यात वाढवलेली कोळंबी मात्र जातच राहिली. मासा कसा पकडला हा प्रश्न परदेशातल्या गिऱ्हाइकाने विचारला तेव्हा त्याची किंमत कोट्यवधी डॉलरांत मोजावी लागली, आणि इथल्या गिऱ्हाइकाने मात्र तो अजून विचारलेला नाही. हा विचार जयगडच्या फेरीत मेहुण्यांना ऐकवला. ते म्हणाले, “मी तर मासाच विचारत नाही.”

तिसरा दिवस: मिरकरवाडा

सकाळपासून उत्तरेचा वारा जोराचा होता आणि बऱ्याच होड्या बाहेर पडल्याच नव्हत्या. आमच्या दृष्टीने ही लॉटरी ठरली, कारण रिकामा बसलेला मच्छीमार हा बोलण्याच्या मनःस्थितीतला मच्छीमार असतो. रत्नागिरीचे मिरकरवाडा बंदर म्हणजे पर्ससीनचे माहेरघर. धक्क्यावर काळ्या-निळ्या जाळ्यांच्या टेकड्या लागल्या होत्या, पिवळ्या तरंड्यांच्या माळा वाळत होत्या आणि नेपाळी खलाशी त्यांवर बसून जाळ्यांच्या फाटलेल्या आसा, म्हणजे डोळे, शिवत होते. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता, अशी डोंगरातली ही मुले इथे येऊन नाखवांचे समुद्र राखतात, हे मला दिवसभर नवलाचे वाटत राहिले.

पर्ससीन समजून घ्यायचे असेल तर आजीचा बटवा आठवावा. मासळीच्या थव्याभोवती जाळ्याची भिंत गोल फिरवतात. तिच्या तळाशी कड्या असतात आणि कड्यांतून दोर ओवलेला असतो. दोर ओढला की बटव्याचे तोंड मिटते आणि आत असलेले सगळे, लहानमोठे, हवे-नको असलेले, एकत्र वर येते. डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने आदेश काढून या जाळ्यांवर निर्बंध आणले. तेव्हाचे ४९४ परवाने टप्प्याटप्प्याने २६२ वर आणि अखेर १८२ वर आणायचे असे ठरले, आणि वर्षातून चारच महिने मुभा राहिली. वादाचे मूळ इथेच आहे.

मासेमारी करणाऱ्या एका दालदी मुस्लिम कुटुंबातले पर्ससीनचे मालक आम्हांला आपल्या होडीवर घेऊन गेले. चहा पाजला आणि म्हणाले, “तुम्ही हर्णैला आमच्याबद्दल ऐकून आला असाल, आता आमचेही ऐका.” त्यांचे म्हणणे असे: होडी आणि जाळे मिळून कर्ज एवढे, की चार महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचे व्याज निघत नाही, तीस-पस्तीस खलाशी पोसायचे, आणि बारा सागरी मैलांच्या पलीकडे राज्याचा कायदा संपतो, तेव्हा तिथे जायचे की नाही हे नक्की कोण सांगणार? हा प्रश्न खोटा नव्हे. राज्याची हद्द किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे साधारण बावीस किलोमीटर. त्यापुढे दोनशे मैलांपर्यंत केंद्राचे अनन्य आर्थिक क्षेत्र. तमिळनाडूतील पर्ससीनवाल्यांना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये बारा मैलांपलीकडे आठवड्यातून दोन दिवसांची मुभा दिल्यापासून तर इथल्या प्रत्येक मालकाच्या बोलण्यात ते दोन दिवस येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने या बाहेरच्या क्षेत्रासाठी नियम अधिसूचित केले. यांत्रिक नौकांना ऑनलाइन प्रवेशपत्र घेण्याचे बंधन त्यांत आहे आणि दिव्यांची व बुल ट्रॉलिंगची बंदी तिथेही कायम आहे. “मग बरेच झाले की,” मी म्हणालो. “बरे आहे,” ते म्हणाले, “पण हद्दीची रेघ पाण्यावर कोणी मारलेली नाही, आणि आत पकडलेला मासा बाहेर पकडला असे म्हणायला फक्त तोंड लागते.” एका पर्ससीनवाल्याने एवढे मोकळेपणाने सांगावे, हे मला अपेक्षित नव्हते.

त्या तोंडी हिशेबावर उतारा म्हणून आता यंत्रे आली आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात मच्छीमार नौकांवर इस्रोच्या तंत्रज्ञानाचे एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा देशपातळीवर प्रारंभ झाला. त्यातून होडीचे ठिकाण कळते, संकटाचा संदेश पाठवता येतो आणि हवामानाचा इशारा मिळतो. मालकांना वादळाचा इशारा हवा होता. ठिकाण कळणे मात्र नको होते. कारण चोरीचे नव्हते. “माझ्या आजोबांनी शोधलेली मासळीची जागा सगळ्या बंदराला कळेल,” असे ते म्हणाले. शेतकऱ्याला बांध असतो, समुद्रात माहिती हाच बांध असतो. तेव्हा हे भय मला समजले. ठिकाणाची नोंद सरकारकडे राहावी आणि शेजाऱ्याकडे जाऊ नये, एवढी सोय झाली तर त्यांचा अर्धा विरोध मावळेल असे मला वाटते. उरलेला अर्धा तसाच राहील, कारण तो जागेबद्दल नाहीच.

बंदराच्या तोंडाशी सुरक्षारक्षकाची चौकी आहे. २६/११ चे हल्लेखोर पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका ताब्यात घेऊन आले, त्यानंतर अशा नोंदींवर भर आला. होडीचा क्रमांक, जाण्या-येण्याची वेळ आणि खलाशांची संख्या वहीत लिहिली जाते. रक्षकाने विनातक्रार वही दाखवली. अक्षर सुंदर होते, रकाने भरलेले होते. त्यात एकच रकाना नव्हता: काय आणले. आणि मासळीच्या नमुन्यांची मोजदाद होते ती वेगळ्याच तक्त्यात. दोन वह्या, दोन खाती, आणि मधली पंधरा पावले कोणी चाललेले नाही. युरोपला जाणाऱ्या समुद्री मासळीला २०१० पासून पकड प्रमाणपत्र लागते, त्यात नौकेचे नाव, नोंदणी क्रमांक आणि पकडल्याचे क्षेत्र लिहावे लागते. म्हणजे हे करता येत नाही असे नाही. ते युरोपच्या ताटासाठी करता येते.

याच बंदरावर जानेवारी २०२५ पासून ड्रोनही आहे. पालघरमधील शिरगावपासून देवगडपर्यंत नऊ ठिकाणी अशी ड्रोन-टेहळणी सुरू झाली. वाऱ्यामुळे त्या दिवशी ते उडाले नाही, किंवा आम्हांला तरी दिसले नाही. एका तरुण खलाशाने मात्र आकाशाकडे बोट दाखवून सांगितले, की आवाज आला की धक्क्यावरचे सगळे जण आधी वर बघतात आणि मग आपापल्या होडीकडे.

दुपारी जेवणात तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके आणि नारळाच्या रसातली कोळंबी होती. मिरकरवाड्यात जायचे असेल तर सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी जावे, ओळखपत्र जवळ ठेवावे, आणि कोणाच्याही जाळ्यावर पाय देऊ नये. जाळ्यावर पाय पडला तर त्याला हात लावून नमस्कार करावा. मी तसे केले आणि त्यानंतर चहाला नाही म्हणणे अवघड झाले.

चौथा दिवस: कुणकेश्वरचे दिवे

पावस, पूर्णगड, जैतापूर असा किनाऱ्याचा रस्ता धरला. साखरी नाटे इथे खाडीत होड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि वारा अजून पडलेला नव्हता. देवगडला आंब्याच्या कलमांना मोहोर आला होता आणि त्या वासाने मेहुण्यांचे चार दिवसांचे हाल भरून निघाले. बंदरावर थोडा वेळ काढला, पण हर्णै आणि मिरकरवाड्यानंतर नवे काही मिळाले नाही.

नवे मिळाले ते रात्री. संध्याकाळी वारा पडला. जेवणानंतर कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर गेलो, तर क्षितिजावर उजेड होता. डावीकडे आकाशाला लागलेली एक पांढुरकी झाक आणि उजवीकडे पाण्याच्या रेषेवर तीन स्पष्ट, टोचणारे पांढरे दिवे. वाळूवर गाबीत या मच्छीमार समाजातला एक म्हातारा जाळे झटकत होता. त्याला विचारले, ते किती लांब असतील? तो म्हणाला, “नुसतो आभाळात उजेड दिसता तो भायरचो. दिवो पाण्याच्या रेषेर दिसलो, तर तो आत आसा. हां शिकूक शाळा नको.”

खोलीवर आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पृथ्वी गोल असल्यामुळे किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला समुद्राची रेषा पाच किलोमीटरांच्या आतच दिसते. होडीवरचा दिवा पाण्यापासून पाच मीटर उंच धरला तर तो आणखी आठ किलोमीटर, म्हणजे एकूण तेरा किलोमीटरांपर्यंत थेट दिसेल. दिवा दहा मीटर उंच असला तरी सोळाच्या आसपास. बारा सागरी मैल म्हणजे बावीस किलोमीटर. याचा अर्थ वाळूवर उभे राहून जो दिवा प्रत्यक्ष डोळ्यांना दिसतो, तो राज्याच्या हद्दीतच असणार. म्हाताऱ्याचे गणित अचूक होते. दिसणारा प्रत्येक दिवा गुन्ह्याचा नसतो, हेही लिहिले पाहिजे. नांगरलेल्या होडीलाही दिवा लावावाच लागतो आणि गिलनेटवाले जाळ्याच्या खुणेसाठी दिवा ठेवतात. ते तीन दिवे कशाचे होते हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एवढेच सांगतो, की रात्री एकला मी पुन्हा बाहेर येऊन पाहिले तेव्हा ते तिथेच होते, आणि पहाटे पाचला तिन्ही एकदम विझले.

कुणकेश्वरला राहायचे असेल तर शिवरात्रीच्या यात्रेचे दिवस टाळावेत, आणि रात्री किनाऱ्यावर जाताना विजेरी न्यावी; वाटेत खडक आहेत.

पाचवा दिवस: मालवणची रापण

आचऱ्यावरून मालवणला आलो. याच आचऱ्याच्या पाण्यात २०१५ मध्ये पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले एकमेकांवर धावून गेले होते. मालवणच्या माणसाला तो विषय काढलेला आवडत नाही. तो आपण काढला नाही तरी पाच मिनिटांत तोच काढतो. इथली दुसरी तक्रार परप्रांतीय ट्रॉलरची. कर्नाटकातल्या मलपीकडचे मोठ्या इंजिनांचे ट्रॉलर रात्री आत येतात, गिलनेटवाल्यांची जाळी तोडून जातात, आणि गस्तीची नौका सुटेपर्यंत हद्दीबाहेर असतात, असे तीन वेगवेगळ्या माणसांनी जवळपास एकाच शब्दांत सांगितले. अशा नौकांना दोन ते सहा लाखांचा दंड आहे. “आमची न्हय फाटली तर ती कोन भरून देतलो?” असा एकाचा प्रश्न होता. न्हय म्हणजे जाळे. दंड सरकारजमा होतो. फाटलेले जाळे ज्याचे त्याच्याकडेच राहते.

सकाळी आठला दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढताना मिळाली. पहाटे होडीने समुद्रात अर्धवर्तुळात जाळे सोडून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणलेले असतात, आणि मग चाळीसेक माणसे दोन रांगांत, पाय वाळूत रोवून, लयीत ते ओढत येतात. मेहुण्यांनी एकदम पॅण्ट दुमडली आणि दोराला हात घातला. कोणीही आश्चर्य दाखवले नाही. रापणीच्या दोराला जो हात लावतो तो त्या सकाळपुरता त्यांचाच असतो. तासाभराने जाळ्याची झोळी वाळूवर आली. आत पेडवे, बांगडे, सौंदाळे, थोडी म्हाकुले आणि एक रागावलेला खेकडा. फारसे काही नव्हते. एका माणसाने फेकायच्या वस्तू बाजूला केल्या, दुसऱ्याने उरलेल्याचे ढीग लावले, लिलाव झाला आणि पैशांची वाटणी तिथेच उभ्याउभ्या झाली: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे, विधवेच्या घरचा एक वाटा. एकाही कागदाशिवाय. पन्नास जणांच्या डोळ्यांदेखत झालेला तो हिशेब मी माझ्या नोकरीत पाहिलेल्या बऱ्याच ताळेबंदांपेक्षा चोख होता. मेहुण्यांच्या हातावर चार बांगडे ठेवण्यात आले. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतले आणि मग काय करावे हे न सुचून बराच वेळ तसेच उभे राहिले.

पट्टी काढायची मला जरा भीतीच वाटत होती. तरी झोळीच्या कडेला पडलेले एक छोटे पापलेट उचलून लावली. बारा सेंटिमीटर. रापणीच्या म्होरक्याने ते पाहिले. “किती व्हया?” त्याने विचारले. मी ठिपका दाखवला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मासा केव्हाच मेलेला होता. परत टाकून उपयोग नव्हता. “आमच्या जाळ्यातय येतत ते,” तो म्हणाला. “आमचा जाळा लहान म्हणान ता दिसना नाय.” मग त्याने पट्टी मागून घेतली आणि लिलाव करणाऱ्या बाईच्या ओटीत टाकली. ती परत मागणे मला शोभले नसते.

संध्याकाळी परत निघायचे होते. मालवणला जाणाऱ्यांनी शुक्रवार-रविवार टाळावा आणि रापण पाहायची असेल तर आदल्या रात्री दांडीवर विचारून ठेवावे. ती रोज लागत नाही. मेहुण्यांचे चार बांगडे आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंना दिले. त्यांनी ते तळून आम्हांला वाढले, मेहुण्यांच्या पानातही एक वाढला, आणि त्याचे पुढे काय झाले याविषयी बहिणीला काहीही सांगायचे नाही असे ठरले आहे.

पुण्यात परतल्यावर तिसऱ्या दिवशी मंडईत गेलो. बर्फावर पापलेट मांडलेले होते. पट्टी मालवणला राहिली होती, म्हणून हात पसरून माशाशेजारी ठेवला, मनगटापासून मधल्या पेरापर्यंत. मासा दोन बोटे मोठा होता. विक्रेत्याने विचारले, “काय बघताय काका?”

“कुठला आहे हा?”

त्याने वजनकाट्यावरून नजर न काढता उत्तर दिले, “समुद्राचा.”